नाशिकमध्ये टोस्टमास्टर्स लावावं का? सभेचा मिनिटामिनिटाचा हिशेब

संवादकौशल्याच्या कुठल्याही वर्गाला पैसे भरण्याआधी एक प्रश्न विचारून घ्यावा: दीड तासात माझं तोंड किती मिनिटं उघडणार? कॉलेज रोडपासून गंगापूर रोडपर्यंत 'स्पोकन इंग्लिश' आणि 'पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट'च्या पाट्यांना तोटा नाही. समजा बॅच ३० जणांची आहे आणि ९० मिनिटांपैकी ५० मिनिटं सर शिकवणार. उरलेली ४० मिनिटं तिसांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला १ मिनिट २० सेकंद. यातून हजेरी आणि उशिरा येणाऱ्यांची दारातली उठबस अजून वजा व्हायची आहे. विहिरीच्या काठावर बसून पोहण्याच्या नोट्स घेण्यातला हा प्रकार. फी मात्र पाण्यात उतरल्याची.

टोस्टमास्टर्सकडे, म्हणजे भाषणाचा सराव करणाऱ्या क्लबांच्या संस्थेकडे, वळावंसं वाटतं ते या हिशेबामुळे. राल्फ स्मेडली यांनी २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना इथे वायएमसीएच्या इमारतीत पहिला क्लब भरवला. आता जगभर क्लब आहेत आणि नाशिकमध्येही सभा होतात. इथे पगारी शिक्षक नसतो. सभासद बोलतात, सभासदच ऐकतात आणि सभासदच एकमेकांना सुधारतात. म्हणून स्वस्त पडतं. आणि म्हणूनच क्लबचा दर्जा तिथे येणाऱ्या माणसांवर ठरतो, नावावर नाही. एकाच शहरातल्या दोन क्लबांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

सभा साधारण दीड ते दोन तास चालते. तयारी केलेली भाषणं, मग 'टेबल टॉपिक्स' म्हणजे ऐनवेळच्या प्रश्नांची उत्तरं, आणि शेवटी मूल्यमापन. सभासदांनी वाटून घ्यायच्या भूमिका अशा: सूत्रसंचालक, टेबल टॉपिक्स घेणारा, वेळ पाहणारा, 'अँ-अँ' मोजणारा, भाषेकडे लक्ष ठेवणारा, प्रत्येक भाषणाचा मूल्यमापक आणि या सगळ्यांवर एक मुख्य मूल्यमापक. वीस माणसं हजर असली तर निम्म्याहून अधिक जण एकदा तरी उठून बोलतात. वर्गाच्या तुलनेत हा आकडा फार चांगला आहे.

पण इथेही गणित मांडावं. सभासद २०, एका सभेत तीन तयार भाषणं, सभा महिन्यातून दोनदा. म्हणजे तयार भाषणाची पाळी साडेतीन महिन्यांनी एकदा. दर आठवड्याला सभा भरत असेल तर दोन महिन्यांच्या आत. मधल्या सभांना नुसतं टाळ्या वाजवायला गेलात तर सहा महिन्यांत काहीही होत नाही, आणि 'आम्ही करून बघितलं, काही फायदा नाही' म्हणणारे बहुतेक जण याच गटातले असतात. प्रत्येक सभेला एखादी भूमिका मागून घेणं हाच यावरचा उपाय. वेळ पाहणाऱ्यालाही आपलं काम काय ते अर्ध्या मिनिटात उभं राहून समजावून सांगावं लागतं. नवख्यासाठी तेवढं पुरे असतं.

आता एकेक भाग.

घड्याळ ही या सभेतली सगळ्यात प्रामाणिक वस्तू. पाच ते सात मिनिटांच्या भाषणाला पाचव्या मिनिटाला हिरवं कार्ड, सहाव्याला पिवळं, सातव्याला लाल. अर्ध्या मिनिटाची सवलत असते. स्पर्धेत साडेचार मिनिटांच्या आत आटोपलं किंवा साडेसाताच्या पुढे गेलं की बाद. पहिलं भाषण, ज्याला 'आइस ब्रेकर' म्हणतात, ते चार ते सहा मिनिटांचं. नवीन माणूस सात मिनिटांची जागा दिसली की सात मिनिटांचा मजकूर लिहितो, तिथेच गाडी अडते. व्यासपीठावर लोक हसतात, आपण एखादं वाक्य विसरतो, पाणी पितो. मांडणी अशी ठेवावी: सुरुवात ४५ सेकंद, दोन मुद्दे प्रत्येकी दोन मिनिटं, शेवट ४५ सेकंद. बेरीज साडेपाच मिनिटं. उरलेलं दीड मिनिट सांडलवंडीसाठी. तिसरा मुद्दा घुसडला की तो पिवळ्या कार्डाच्या तोंडावर येतो, माणूस पळायला लागतो आणि ज्या शेवटासाठी एवढी तयारी केली तोच गिळला जातो. इंग्रजीत मिनिटाला १२० ते १५० शब्द हा नेहमीचा वेग धरतात. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे तेवढ्याच वेळात शब्द कमी बसतात. मराठी भाषणाची लांबी शब्द मोजून काढू नये. मोबाईलवर रेकॉर्ड लावून मोठ्याने वाचावं आणि जो वेळ येईल तो खरा मानावा.

आपल्याकडच्या लोकांना आणखी एक अडचण येते. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धांतून आलेला माणूस 'आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' या चालीतून बाहेरच पडत नाही. शब्द बदलतात, चाल तीच. वाक्याच्या शेवटी आवाज चढतो, हात ठरलेल्या जागी वर जातो, आणि पहिली वीस-पंचवीस सेकंदं नमस्कारात जातात. ही चाल मोडायला सोपा व्यायाम आहे. भाषणाचा पहिला परिच्छेद समोर बसलेल्या एकाच माणसाला, चहा घेताना सांगितल्यासारखा सांगायचा, रेकॉर्ड करायचा, आणि व्यासपीठावर त्याच सुरात म्हणायचा. आवाज मोठा करावा, सूर बदलू नये.

टेबल टॉपिक्सला एक ते दोन मिनिटं मिळतात. हिरवं एका मिनिटाला, पिवळं दीडला, लाल दोनला. इथे बहुतेकांचं घोडं दोन ठिकाणी अडतं. एक तर बाजू न ठरवता तोंड उघडायचं आणि मग गोल गोल फिरायचं. नाही तर चाळीस सेकंदांत संपवून 'बस, एवढंच' म्हणून खाली बसायचं. समजा प्रश्न आला, 'नाशिकला आधी जास्त बस हव्यात की रुंद रस्ते?' तर पहिल्याच वाक्यात बाजू घ्यावी: 'बस.' मग एक कारण, एक उदाहरण: 'सातपूरहून नाशिकरोडला कामाला जाणाऱ्या माणसाला रस्ता रुंद झाला तरी पेट्रोल स्वतःच्याच खिशातून भरावं लागतं.' मग उलटी बाजू स्वतःच मांडावी: 'कोणी म्हणेल, बसलाही चालायला रस्ता लागतोच.' त्याला एका वाक्यात उत्तर द्यावं आणि परत 'बस' म्हणून थांबावं. उलटी बाजू मांडली की सहज २०-२५ सेकंद वाढतात आणि उत्तर पोकळही वाटत नाही. मुलाखतीत, मीटिंगमध्ये साहेबांनी अचानक 'तुमचं काय मत?' विचारल्यावर हाच सांगाडा कामाला येतो. रोजच्या उपयोगाचं म्हणाल तर टेबल टॉपिक्स तयार भाषणापेक्षा वरचढ.

'अँ-अँ' मोजणाऱ्या भूमिकेचं कौतुक गरजेपेक्षा जास्त होतं. 'अँ', 'सो', 'यू नो', 'बेसिकली', मराठीत 'म्हणजे', 'काय आहे की', 'ॲक्च्युली' हे सगळं मोजून शेवटी आकडा जाहीर करतात: अमुक यांचे अकरा. आकडा कळून काय करायचं? पुढच्या वेळी माणूस मोजणाऱ्याकडेच बघत बोलतो आणि आणखी अडखळतो. पुढचं वाक्य तयार नसतं आणि शांतता सहन होत नाही, म्हणून भरतीचे शब्द येतात. ते कुठे येतात ते विचारा: सुरुवातीला, एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाताना, की आकडे सांगण्याआधी? सुरुवातीला येत असतील तर पहिली दोन वाक्यं पाठ करा, बाकी भाषण नको. मुद्दा बदलताना येत असतील तर तिथे मुद्दाम तोंड मिटून एक श्वास घ्या. बोलणाऱ्याला तो श्वास फार लांब वाटतो, ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

खरा माल आहे मूल्यमापनात. पैसे वसूल होतात ते इथे.

भाषण झाल्यावर एक सभासद दोन ते तीन मिनिटांत त्यावर बोलतो, सगळ्यांसमोर. ठरीव साचा असा, की आधी चांगलं, मग सुधारण्याजोगं, मग पुन्हा चांगलं. हा साचा आळशी हातात पडला की फक्त साखर उरते. 'खूपच छान बोललात, आय कॉन्टॅक्ट मस्त, फक्त थोडा आत्मविश्वास वाढवा, एकंदरीत अप्रतिम.' हे ऐकून माणूस घरी काय घेऊन जाणार? 'आत्मविश्वास वाढवा' ही सूचनाच नव्हे. ती उद्या सकाळी अमलात कशी आणायची?

चांगला मूल्यमापक कागदावर तीन रकाने पाडतो: काय ऐकलं, माझ्यावर काय परिणाम झाला, पुढच्या वेळी काय करून बघायचं. मग तो असं बोलतो: 'तिसऱ्या मिनिटाला तुम्ही द्राक्षबागेवर गारपीट झाली तो प्रसंग सांगितलात. गारा पत्र्यावर वाजल्याचा आवाज सांगितलात तेव्हा मी लिहायचं थांबवलं. लगेच पुढच्या वाक्यात नुकसानीचे चार आकडे एका दमात आले, त्यातला एकही मला आठवत नाही. पुढच्या वेळी एकच आकडा ठेवा आणि तो सांगून दोन सेकंद थांबा.' इथे प्रशंसेचीही जागा दाखवली आहे आणि चुकीचीही, आणि सूचना पुढच्याच भाषणात करता येण्याजोगी आहे. तीन मिनिटांत अशा दोन सूचना बसतात. पाच दिल्या तर माणूस एकही घेत नाही.

भाषण करून जेवढं शिकता येत नाही तेवढं मूल्यमापन करून शिकता येतं, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी दुसऱ्याचं सात मिनिटं न तोडता ऐकावं लागतं, पुरावा टिपावा लागतो, आणि समोरच्याचं तोंड पडू न देता खरं बोलावं लागतं. ऑफिसात नेमकं हेच जमत नाही. म्हणून नवीन सभासदाने दोन-तीन भाषणं झाली की मूल्यमापकाची पाळी मागावी. 'अजून मी लहान आहे' म्हणत वर्षभर टाळणारे पुष्कळ आहेत.

हेच हत्यार कामाच्या ठिकाणी वापरताना क्रम थोडा बदलावा लागतो. अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेची प्रसंग, वागणूक, परिणाम ही पद्धत इथे चपखल बसते. 'तू नेहमी रिपोर्ट उशिरा देतोस' यातल्या 'नेहमी'वरच भांडण सुरू होतं, कारण समोरच्याला वेळेवर दिलेले दोन रिपोर्ट लगेच आठवतात. त्याऐवजी: 'सोमवारचा रिपोर्ट मंगळवारी अकराला आला. कस्टमरचा फोन साडेनवाला होता. माझ्याकडे रिजेक्शनचे आकडे नव्हते, त्यांना नंतर सांगतो म्हणावं लागलं. कुठे अडलं?' शेवटचा प्रश्न विसरू नये. वरिष्ठांशी बोलतानाही सांगाडा हाच, फक्त शेवटी प्रश्नाऐवजी विनंती: 'सर, ड्रॉइंगमधला बदल काल फोनवर कळला, तोपर्यंत चाळीस पीस कापून झाले होते. पुढच्या वेळी बदल ग्रुपवर टाकाल का, म्हणजे मी शिफ्टआधी बघेन.' एकट्यात बोलावं. क्लबमध्ये चारचौघांत बोलणं ही ठरलेली रीत आहे. शॉप फ्लोअरवर चारचौघांत बोललात तर माणूस मुद्दा विसरतो, अपमान लक्षात ठेवतो.

आता या सेवेत काय मिळत नाही ते बघू. ही यादी दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

पहिली मोठी उणीव म्हणजे दोन्ही बाजूंनी चालणारं बोलणं. क्लबमध्ये कोणी मध्ये तोडत नाही, कोणी 'पण' म्हणत नाही, संपलं की टाळ्या ठरलेल्या. आयुष्यात असं कोण ऐकतं? कॅम्पस प्लेसमेंटच्या ग्रुप डिस्कशनमध्ये दहा जण आणि पंधरा मिनिटं असतील तर वाट्याला दीड मिनिट येतं, तेही हिसकावून घ्यावं लागतं. दुसऱ्याचं वाक्य संपतं तिथे शिरणं, 'आता म्हणाल्या त्याला जोडून' म्हणत मुद्दा पुढे नेणं, गप्प बसलेल्याला आत घेणं, याचा सराव क्लबच्या सभेत होतच नाही. त्यासाठी पाच-सहा मित्र जमवून घड्याळ लावून बसावं, आणि एकाने न बोलता फक्त लिहावं: कोण किती वेळा बोललं, कोणी कोणाचा मुद्दा पुढे नेला, कोणी तोडला.

ऐकण्याचंही तेच. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये ज्याला 'ॲक्टिव्ह लिसनिंग' नाव दिलं, त्याचा गाभा असा की उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आणि त्यामागची भावना आपल्याला कळली आहे हे त्याला दाखवायचं. घरातलं उदाहरण घ्या. दहावीचा निकाल लागलेला मुलगा म्हणतो, 'पप्पा, मला सायन्स नाही घ्यायचं.' नेहमीचं उत्तर: 'का? ९० टक्के पडलेत ना? शेजारच्यांचा बघ.' संवाद खल्लास. दुसरं उत्तर: 'सायन्स नको म्हणतोस. विषय आवडत नाहीत, की त्या क्लासेसच्या धावपळीचं टेन्शन आलंय?' मुलगा बहुधा दोन्ही नाकारतो आणि तिसरंच सांगतो, आणि ते तिसरंच खरं असतं. अंदाज चुकला तरी काम होतं. मात्र पोपटपंची करू नये. दर वाक्याला 'म्हणजे तुला असं वाटतंय की…' सुरू केलं की समोरचा चिडतो, आणि त्याचं चिडणं बरोबर आहे. एकदा, आपल्या शब्दांत, एक अंदाज लावून, मग गप्प.

सराव करायचा तर जोडीने बसावं. एकाने तीन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने फक्त प्रश्न विचारायचे, आणि शेवटी तीन वाक्यांत सारांश सांगायचा. बोलणाऱ्याने 'बरोबर' म्हटल्याशिवाय पाळी बदलायची नाही. पहिल्या खेपेला 'बरोबर' क्वचितच मिळतं.

दुसरी उणीव सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या मंडळींना जास्त जाणवेल: निरोप अचूक पोचवणं. १९८८ च्या ६ जुलैला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू फलाटावर स्फोट होऊन १६७ माणसं गेली. दुरुस्तीसाठी एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला होता. ही माहिती शिफ्ट बदलताना रात्रपाळीपर्यंत नीट पोचली नाही, आणि तोच पंप सुरू केला गेला. वक्तृत्वाने हे टळलं नसतं. शिफ्ट देताना 'सात नंबरचं कूलंट कमी होतंय, बघून घे' एवढ्यावर काम भागवलं जातं. याला निरोप म्हणत नाहीत. नीट निरोप असा: 'सात नंबरच्या सीएनसीची कूलंट टाकी पावणेदोनला खालच्या खुणेवर होती. दहा लिटर टाकलं. गळती कुठून आहे ते सापडलं नाही. पाच वाजता पातळी बघ. पुन्हा खाली असेल तर मशीन थांबव आणि मेंटेनन्सला फोन कर.' काय दिसलं, काय केलं, काय माहीत नाही, पुढे काय करायचं, या क्रमाने. आणि घेणाऱ्याने परत म्हणून दाखवायचं: 'पाचला पातळी बघायची, खाली असली तर मशीन बंद, मेंटेनन्सला फोन.' 'हो हो, कळलं भाऊ' याला पोच धरायचं नाही. 'काय माहीत नाही' हा भाग लोक हमखास गाळतात, कारण त्यात कमीपणा वाटतो. नंतर घोळ होतो तो तिथेच.

परत म्हणून दाखवण्याची सवय फोनवर तर हवीच. मराठीत आकडे ऐकताना गल्लत व्हायला वेळ लागत नाही: बावन्न आणि ब्याण्णव, त्रेपन्न आणि त्र्याण्णव, एकोणतीस आणि एकोणचाळीस. लासलगावहून कोणी कांद्याचा भाव 'एकोणीसशे' सांगितला आणि गाडीच्या आवाजात 'एकोणतीसशे' ऐकू आला, तर क्विंटलमागे हजाराचा फरक. भाव, गाडीनंबर, खातेक्रमांक, औषधाचा डोस यांचे अंक सुटे करून म्हणावेत: एक, नऊ, शून्य, शून्य. आणि मग व्हॉट्सॲपवर लिहून टाकावं.

भाषेचा प्रश्न वेगळा आहे. टोस्टमास्टर्सचे बहुतेक क्लब इंग्रजीत चालतात. मराठी माध्यमातून आलेल्या माणसाला तिथे दुहेरी ओझं असतं: विचारही जुळवायचा आणि भाषाही. भीती जाते, मांडणी सुधारते, हे खरं. पण ज्याचं काम द्राक्ष बागायतदारांशी, पेशंटच्या नातेवाइकांशी, ऑपरेटरांशी मराठी-हिंदीत चालतं, त्याला इंग्रजी सभेतून रोजच्या बोलण्याचे शब्द मिळत नाहीत. क्लब कुठल्याही भाषेत चालवायला संस्थेची आडकाठी नसते, आणि २०२० नंतर ऑनलाइन हजेरीही रुळली आहे, तेव्हा मराठी क्लब दुसऱ्या गावचा असला तरी घरून जोडून घेता येतो. इथेच नवा क्लब काढायचा म्हटलं तर वीस सभासद जमवावे लागतात. उलट इंग्रजीचं व्याकरण आणि उच्चारच कच्चे असतील तर क्लबने भागणार नाही. तिथे चुका मोजणारे भेटतात, पण काळ शिकवायला कोणी बसत नाही. त्यासाठी पगारी शिक्षकाचा वर्गच बरा, बॅच आठ-दहाची असेल तर.

असा वर्ग निवडताना एक खूण लक्षात ठेवा. पहिल्याच दिवशी पडद्यावर 'संवादात शब्द ७ टक्के, आवाज ३८ टक्के, देहबोली ५५ टक्के' असा रंगीत गोल दिसला तर जरा सावध व्हा. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतले. सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून, चेहऱ्यांचे फोटो दाखवून, बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही हे लोक कशावरून ओळखतात एवढंच त्यात तपासलं होतं. सगळ्या संवादाला ते लावू नका, असं खुद्द मेहराबियन यांनीच सांगितलेलं आहे. नाही तर जपानी सिनेमा सबटायटलशिवाय ९३ टक्के कळायला हवा होता. जो शिक्षक हा गोल तपासून बघत नाही, तो बाकीचं किती तपासत असेल?

फुकटातलं ऐकण्याचं शिक्षण नाशिककराच्या दाराशी आहे. मे महिन्यात गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते. तिथे श्रोता म्हणून न जाता मूल्यमापक म्हणून जावं, तीन रकान्यांचा कागद घेऊन. वक्ता मुख्य मुद्द्यावर कितव्या मिनिटाला येतो? श्रोते कुठे चुळबुळ करतात आणि त्याच्या लगेच आधी वक्ता काय करत होता? प्रश्न आला की उत्तर प्रश्नाला देतो की भाषणच पुढे चालू ठेवतो? नामवंतांचंही दहावं मिनिट ढिलं पडतं, हे दिसलं की नवख्याची धास्ती बरीच उतरते.

क्लब निवडायचा कसा? संस्थेच्या संकेतस्थळावर गाव टाकलं की जवळचे क्लब, वार आणि वेळ दिसते. पाहुणा म्हणून सभा बघायला पैसे लागत नाहीत. टेबल टॉपिक्सला नाव पुकारलं तर 'आज फक्त ऐकतो' म्हणायची मुभा असते, पण उठावं. एका सभेवरून मत बनवू नये, दोन-तीन बघाव्यात. सभा वेळेवर सुरू होते का? मूल्यमापनात मिनिट, वाक्य, प्रसंग यांचा उल्लेख असतो की नुसतं 'अप्रतिम'? सगळ्या भूमिका त्याच चार जणांकडे फिरतायत का? तसं असेल तर तिथे नवीन माणूस टिकत नाही, हे समजून घ्या. चहाच्या वेळी जुने सभासद नवख्यांशी बोलतात की आपापसात? स्पर्धेचं वेड किती आहे तेही बघा. काही ठिकाणी प्रत्येक भाषण आवंढा गिळून, हात पसरून, डोळ्यांत पाणी आणून करायची साथ असते. स्पर्धेत ते चालतं. सोमवारच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये तसं केलंत तर शेजारचा विचारेल, 'साहेब, घरी सगळं ठीक ना?'

वर्गणी दर सहा महिन्यांची असते, नूतनीकरण १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला. संस्थेची रक्कम डॉलरमध्ये ठरते, त्यावर हॉलभाडं आणि चहापाण्याचा क्लबचा खर्च वेगळा. नेमका आकडा भरण्याआधी खजिनदाराकडून लेखी घ्यावा, आणि मुदतीच्या मध्येच प्रवेश घेत असाल तर उरलेल्या महिन्यांपुरतेच पैसे लागतात का तेही विचारावं. सभासद झालात की ऑनलाइन अभ्यासक्रम उघडतो, पाच पातळ्यांचा. तो चाळत बसण्यात पहिला महिना घालवू नका. पदाधिकाऱ्यांत शिक्षणाचा उपाध्यक्ष असतो, पाळ्यांचं वेळापत्रक त्याच्या हातात. त्याला पहिल्याच दिवशी गाठून तीन गोष्टी तारखेसह लिहून घ्या: आइस ब्रेकर कधी, पहिलं मूल्यमापन कधी, आणि मार्गदर्शक म्हणून कोण. 'बघू, सांगतो' असं उत्तर आलं तर पुढच्या सभेत पुन्हा विचारा. दुसऱ्यांदाही तेच आलं तर दुसरा क्लब बघा.